सावली हलवून बघा

“सावली आहे, गद्रेबाई. सॉफ्ट टिश्यूची,” डॉ. कारखानीस म्हणाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. एखादा विषय त्यांच्यापुरता संपला की ते चष्मा असा वर सरकवत.

“कशाची सावली?”

“सॉफ्ट टिश्यूची.”

“म्हणजे कशाची, ते सांगा ना मराठीत.”

त्यांनी पेडणेकरकडे बघितलं. पेडणेकर इस्पितळातला हा कॅमेरा चालवायचा. त्याची आई गणपतीत गेली होती आणि भादरलेल्या डोक्यावर आता कुठे केस दिसायला लागले होते. त्याने मान खाली घालून बटणं पुसायला घेतली. कारखानीस म्हणजे मेडिकल कॉलेजात जन्म घालवलेला माणूस, आणि त्याला बाईच्या स्तनाला स्तन म्हणता येत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायला तेवढं पुरेसं होतं.

समोरच्या पडद्यावर एक हृदय होतं. हृदयाच्या स्नायूत जिथवर रक्त नीट पोचतं तिथवर आमचं औषध पोचतं. त्यातून निघणारे किरण कॅमेरा टिपतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. निरोगी हृदय मेदूवड्यासारखं दिसतं, जाड, गोल, मधे भोक. या वड्याची पुढची बाजू कुणीतरी मोडून खाल्ल्यासारखी दिसत होती.

ते हृदय माझ्या नणंदेचं होतं. कुसुमवन्सं बाहेर बाकावर मांडीत पर्स धरून बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळाने दार ढकलून आपली गाडी चुकेल असं बजावत होत्या. संध्याकाळच्या एसटीने त्यांना चिपळूणला परत जायचं होतं. शाळेत सहामाही परीक्षा तोंडावर आली होती आणि त्या तिथल्या मुख्याध्यापिका. त्यांच्याशिवाय शाळेची घंटासुद्धा वाजत नाही, अशी त्यांची खात्री होती.

मी डॉक्टर नव्हे. मी रसायनशास्त्रवाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला आमची प्रयोगशाळा होती आणि चार वर्षं मी तिथे त्या एका औषधाच्या मागे लागले होते. एका बाटलीत पांढरी पावडर. आमच्याकडे शिशाचा एक जड डबा असतो, त्याला सगळे गाय म्हणतात आणि रोज सकाळी तिची धार काढतात. धार म्हणजे किरणोत्सारी टेक्नेशियमचं पाणी. ते पावडरीत मिसळलं, उकळलं, निववलं की औषध तयार. शंभर वेळा ते बिघडलं. कधी सगळं यकृतात जाऊन बसायचं, कधी गळ्याशी. सशांवर जमलं तेव्हा मी प्रयोगशाळेत रडले होते. बाहेरून येणारं जुनं औषध सोन्याच्या भावाचं, शिवाय हृदयात शिरलं की थोड्याच वेळात जागा सोडायला लागायचं. माझं औषध एकदा बसलं की तासन्‌तास हलत नसे. त्याचा मला फार गर्व होता आणि त्या दुपारी त्याच गर्वाने मला हात दिला.

माणसांवरच्या चाचण्या कारखानिसांच्या इस्पितळात सुरू झाल्या. सुरुवातीला बायकाही येत. जिना चढताना धाप लागते, छातीत भरून येतं, अशा. पेडणेकरने तर आपल्या आईलाच आणलं होतं. ती बाई येताना विभागातल्या सगळ्यांना पुरेल एवढं मालवणचं खाजं घेऊन आली होती आणि सुई टोचायच्या आधी प्रत्येकाला तिने ते खायला लावलं होतं. बायकांच्या चित्रांत समोरच्या बाजूला कमीजास्त फिका डाग यायचा. स्तनातून येताना किरण अडतात, तेव्हा असा डाग पडू शकतो हे खरंच आहे, पुस्तकात आहे. कारखानिसांनी सगळ्यांचे डाग त्याच एका खात्यावर टाकले, बायकांना घरी पाठवलं आणि पुढे चाचणीत फक्त पुरुष घ्यायचे असं ठरवून टाकलं.

“बायकांच्या चित्रांनी निकाल गढूळ होतात,” ते मला म्हणाले होते.

मी भांडले होते. हृदय काय फक्त पुरुषांना असतं का, असं भर बैठकीत विचारलं होतं. सगळे हसले. कारखानीस सर्वांत गोड हसले. ते कधी आवाज चढवत नसत. दिवाळीला आमच्या प्रयोगशाळेत घरचे बेसनाचे लाडू पाठवत. अशा माणसावर चिडलं की चिडणाराच वेडा दिसतो. “गद्रेबाई, पावडर तुमची, पेशंट आमचे,” असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं होतं.

आणि आता वन्सं.

खरं सांगायचं तर आमचं कधी पटलं नाही. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात त्यांनी माझी आमटी चाखून “शास्त्रज्ञ आहे म्हणे” एवढंच म्हटलं होतं. मी नोकरी सोडत नाही म्हणून तीन वर्षं माझ्याशी त्या फक्त भावाच्या मार्फत बोलत. तो बिचारा दोघींच्या मधे बसून “ती विचारते, मीठ हवंय का,” करत असे. पण त्या पावसाळ्यानंतर त्या आमच्याकडे आल्या तेव्हा दोन जिने चढून येईपर्यंत त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. दारात उभ्या राहून त्यांनी जबडा धरला.

“काय होतंय?” मी विचारलं.

“काही नाही. पित्त. इथं ओढल्यासारखं होतं, मग जातं. दोन वर्षं गोळ्या खात्ये. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, बायकांना होतं.”

“तळकट बंद केलंत?”

“वडा बघून दोन वर्षं झाली,” त्या म्हणाल्या आणि त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच मला काहीतरी दुःखाचं ऐकू आलं.

मी कारखानिसांच्या मागे लागले. चाचणीत घेऊ नका, पण चाचणीबाहेर तरी बघा म्हटलं. घरचं माणूस म्हणून त्यांनी उपकार केल्यासारखं हो म्हटलं. वन्सं साडीचा काष्टा मारून त्या फिरत्या पट्ट्यावर चालल्या. चढ वाढवला तसा त्यांचा हात जबड्याकडे गेला, तेव्हाच औषध टोचलं. नंतर यकृतातलं औषध लवकर निघून जावं म्हणून आम्ही सगळ्यांना तेलकट काहीतरी खायला देतो. पेडणेकरने त्यांच्यापुढे कॅन्टीनचा बटाटेवडा ठेवला.

“हृदय तपासायला बोलावता आणि वडा घालता? कसलं इस्पितळ हे?” असं म्हणत म्हणत त्यांनी तो असा खाल्ला की मला तोंड फिरवावं लागलं.

आणि आता हे चित्र, आणि चष्मा कपाळावर.

“चालताना त्यांना दुखलं,” मी म्हटलं. “तुमच्यासमोर दुखलं.”

“त्या घाबरल्या होत्या. बायकांमध्ये असं होतं. ईसीजीतही थोडा फरक दिसतो, त्याला फार अर्थ नसतो.”

“दुखलं त्याला अर्थ नाही, ईसीजीला अर्थ नाही, चित्राला अर्थ नाही. मग अर्थ कशाला आहे? बाई मेली की तिला?”

“रागावू नका.”

“मी रागावणारच.”

“बरं, तुमच्याच भल्याचं सांगतो,” ते खुर्ची जवळ ओढून समजुतीने म्हणाले. “पुढच्या महिन्यात मंजुरीची बैठक आहे. पुरुषांची चित्रं सुरेख आलीत. तुम्हीच जर म्हणायला लागलात की हा डाग सावलीचा नाही, तर लोक विचारतील, मग तुमचं औषध तिथे गेलंच नाही की काय? चार वर्षांच्या कामावर तुम्ही स्वतः पाणी ओतताय.”

हे मात्र मला लागलं. कारण ते खोटं नव्हतं. मी पडद्याकडे बघत राहिले. दार ढकलून वन्संनी पुन्हा डोकं आत घातलं.

“रोहिणी, झालं का गं? पास की नापास तेवढं सांग, मी निघत्ये.”

कारखानीस उठले. “पास, पास. काही काळजी करू नका. हृदय ठणठणीत आहे. पित्ताच्या गोळ्या चालू ठेवा.”

“बघ. मी म्हणतच होत्ये,” वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी पर्स खांद्याला लावली.

“वन्सं, थांबा,” मी म्हटलं. “बसा बाहेर.”

“अगं गाडी…”

“गाडी गेली उडत. बसा म्हणते ना!”

उभ्या आयुष्यात मी त्यांच्याशी या आवाजात बोलले नव्हते. त्या चक्क बसल्या.

मी दार लावलं आणि भिंतीजवळ गेले. टेबलावरचा दिवा तिथे उजेड टाकत होता. त्याच्यापुढे मी हात धरला.

“डॉक्टर, ही माझ्या हाताची सावली. हात वर नेला की सावली वर जाते. बरोबर? आणि हात हलवूनही भिंतीवरचा काळा भाग जिथल्या तिथे राहिला, तर ती सावली नसते. तो भिंतीवरचा डाग असतो.”

“मला सावली कळते, गद्रेबाई.”

“मग हलवून बघा. त्यांचा स्तन वर उचलून पट्ट्याने घट्ट बांधायचा आणि पुन्हा चित्र घ्यायचं. औषध अजून जागेवर आहे. जुनं असतं तर एव्हाना निघून गेलं असतं, हे जाणार नाही. डाग सरकला तर मी तुमची माफी मागेन, पेढे आणेन.”

पेडणेकरचे कान लाल झाले होते.

“हे असं कुणी करत नाही,” कारखानीस म्हणाले. “पेशंटला सांगायचं तरी कसं? आणि इथे बांधणार कोण? सगळे पुरुष आहोत.”

“मी बांधीन. तुम्ही भिंतीकडे तोंड करा. त्याचा सराव आहे तुम्हा लोकांना.”

ते लाल झाले. पण सावलीच आहे असं एकदा म्हटल्यावर ती हलवून बघायला नाही कसं म्हणणार? ते घड्याळ बघत बाहेर गेले. पेडणेकरने न सांगता ड्रेसिंगच्या कपाटातून रुंद पट्ट्याच्या गुंडाळ्या आणून माझ्या हातात दिल्या आणि पडदा ओढून स्वतः पलीकडे जाऊन उभा राहिला.

वन्संना मी सगळं सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग त्यांचा स्फोट झाला.

“बांधणार? मला? मी काय गवताची पेंढी आहे?”

“वन्सं, झोपा.”

“तीन मुलांना पाजलंय मी. लाजायचं काय आहे त्यात? पण तुझ्यापुढे नाही हं. तुझ्यापुढे मुळीच नाही. तू आयुष्यभर सांगत सुटशील.”

“नाही सांगणार.”

“शपथ घे.”

मी शपथ घेतली. ती आज मोडते आहे. वन्सं स्वतःच गेल्या वर्षी म्हणाल्या, लिही मेले, आता कुणाला पर्वा आहे.

त्यांनी पोलक्याची बटणं काढली. माझे हात गार होते. त्यांनी “स्स” केलं आणि डोळे मिटून घेतले. त्या जड, मऊ, सुरकुतलेल्या मांसाला मी वर उचललं आणि पट्ट्याचे वेढे घालत गेले, खांद्यावरून, काखेतून, पुन्हा खांद्यावरून. वीस वर्षांत आम्ही एकमेकींना पाया पडण्यापलीकडे स्पर्श केला नव्हता. मला हुंदका येईल असं वाटलं म्हणून मी आणखी घट्ट ओढलं.

“हळू गं. जीव घेतेस का?”

“घेत नाही. राहू देते आहे.”

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. जबड्याला धरून दारात उभ्या होत्या तेव्हाची भीती पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत दिसली.

“रोहिणी, खरंच काही आहे का गं?”

“तेच बघायचंय.”

मी पडदा थोडा सरकवला. पेडणेकरने नजर वर न करता कॅमेरा त्यांच्या छातीवर आणला. कारखानीस परत आले आणि माझ्यामागे उभे राहिले. पडद्यावर एकेक ठिपका उमटायला लागला. हे चित्र घाई करत नाही. पाऊस अंगणात भरतो तसं ते हळूहळू भरतं. एक बाजू भरली, खालची भरली, मागची भरली. पुढच्या बाजूला ठिपके विरळच राहिले. मी मनातल्या मनात त्या डागाला सांगत होते, हल. मेल्या, हल. मला पेढे आणू दे.

“बाई,” पेडणेकर अगदी हळू म्हणाला, “नाही हलला.”

वड्याचा तोच तुकडा तिथेच मोडलेला होता. स्तन चार बोटं वर गेला होता आणि डाग केसभरही सरकला नव्हता.

कारखानिसांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. ते पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. मग त्यांनी फोन उचलला आणि हृदयविभागात खाट मागितली, आत्ताच्या आत्ता. ते वाईट माणूस नव्हते, आणि त्या क्षणी मला त्याचाच जास्त संताप आला. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

वन्सं वाचल्या. समोरच्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बुजलेली निघाली आणि त्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. आज त्या ब्याऐंशीच्या आहेत, माझ्या आमटीला अजून नावं ठेवतात आणि दर चतुर्थीला दोन वडे हाणतात. माझ्या औषधालाही मंजुरी मिळाली. कारखानिसांनी बैठकीत त्याची तोंड भरून स्तुती केली. पुरुषांची चित्रं पडद्यावर एकामागून एक दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. त्यावरून मला गर्विष्ठ म्हणणारे अजून आहेत.

कारण त्या दुपारी फोन ठेवल्यावर खोलीत जे झालं ते त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

मी विचारलं होतं, “आणि आधीच्या बायका?”

“कोणत्या?”

“ज्यांना तुम्ही घरी पाठवलंत. त्यांच्या सावल्या कुणी हलवून बघितल्या होत्या?”

“बोलावून घेऊ,” ते घाईने म्हणाले. “सगळ्यांना परत बोलावून घेऊ. उद्याच.”

“सगळ्या येतील?”

माझं बोलणं पुरं होण्याआधीच मला कळलं आणि मी जीभ चावली. मी पेडणेकरकडे वळले. तो कॅमेऱ्याच्या दांड्यावर हात ठेवून तसाच उभा होता. पडद्यावर वन्संचं मोडकं हृदय लुकलुकत होतं आणि तो त्याच्याकडे बघत होता. गणपतीत आई मोदक वळता वळता कलंडली, असं त्याने आम्हाला सांगितलं होतं. हातात पिठाची पारी तशीच होती म्हणे. आम्ही सगळ्यांनी त्याला धीर दिला होता. चांगलं मरण आलं, कुणाची सेवा घ्यावी लागली नाही, पुण्यवान बाई. मीही म्हणाले होते. कारखानीस तर त्याच्या घरी जाऊन आले होते.

“साहेब,” तो म्हणाला. इस्पितळात तो कधी मालवणी बोलत नसे, साहेबांसमोर तर नाहीच. “माझ्या आवशीचो डाग पण ह्याच बाजूक होतो ना?”

कारखानीस पडद्यापासून मागे सरले.

“मीच काढलेलो फोटो. माझ्या ह्या हातांनी. तुम्ही म्हणालात काय नाय, घरी जावा. मी तिका सांगितलंय, आये, तुझा हृदय ठणठणीत आसा. ती हसली. मग जिने चढाक लागली परत. पाणी भराक लागली.”

“पेडणेकर, हे बघ,” कारखानीस म्हणाले आणि त्यांचा हात सवयीने चष्म्याकडे गेला. “तुझ्या आईच्या बाबतीत ते बहुतेक…”

पुढचे दोन शब्द कोणते येणार ते मला माहीत होतं.

“म्हणू नका,” मी ओरडले. “ते शब्द आता या खोलीत म्हणायचे नाहीत!”

त्यांचा हात चष्म्यावरच थांबला. पेडणेकर दांडा धरून खाली बसला आणि त्याच्या छातीतून जो आवाज आला तसा आवाज मी त्यानंतर कुणाचा ऐकला नाही.

पडद्याआडून वन्संनी हाक मारली. त्या अजून तशाच बांधलेल्या पडून होत्या, हलू नका असं मीच बजावलं होतं.

“रोहिणी,” त्यांनी शाळेतल्या आवाजात विचारलं, “कुणाचं मूल रडतंय गं तिकडे? त्याच्या आईला कुणीतरी बोलवा ना.”